वाटणी, दत्तक आणि वारसा : तंजावरच्या एका घराण्याचे दाखले

कायदा म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे चोर, पोलीस आणि तुरुंग उभे राहतात. प्रत्यक्षात बहुसंख्य कुटुंबांचा कायद्याशी संबंध येतो तो अगदी निराळ्या कारणांनी. वडील वारले, आता घर कोणाच्या नावावर करावयाचे? दोघा भावांनी मिळून चालविलेले दुकान एकाच्या निधनानंतर कोणाचे? निपुत्रिक चुलत्याने लहानाचा मोठा केलेला मुलगा त्याचा वारस ठरतो काय? विधवेला राहत्या घरावर कोणता हक्क आहे? या प्रश्नांची उत्तरे अधिनियमांत आणि न्यायनिवाड्यांत विखुरलेली आहेत. ती कशी घडत गेली हे समजून घ्यावयाचे असेल, तर तंजावरच्या भोसले घराण्याचा इतिहास फार उपयोगी पडतो. घराणे राजाचे होते हे खरे. परंतु त्यात उद्भवलेले तंटे कोणत्याही घरात उद्भवतात तेच होते. भावाभावांतील वाटणी, दत्तकाची ग्राह्यता, विधवांचा हक्क आणि शेवटी वारस कोण, हे चारही प्रश्न या एकाच घराण्यात अडीचशे वर्षांच्या अवधीत उपस्थित झाले. येथील विवेचन हिंदू कायद्यापुरते आहे. इतर धर्मीयांचे वारसाविषयक नियम वेगळे आहेत.

भावाभावांतील वाटणी

शहाजीराजे १६६४ साली निधन पावले. त्यांची कर्नाटकातील जहागीर धाकटे पुत्र व्यंकोजी यांच्या ताब्यात राहिली आणि पुढे सुमारे १६७५ मध्ये व्यंकोजींनी तंजावर हस्तगत केले. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीवर असताना शिवाजी महाराजांनी वडिलांच्या दौलतीतील निम्मा वाटा मागितला. कोल्लिडम नदीच्या उत्तरेस तिरुमळवाडी येथे दोघा बंधूंची भेट झाली. परंतु निर्णय होण्यापूर्वीच व्यंकोजी रातोरात तंजावरला परतले. प्रकरण लढाईपर्यंत गेले. अखेर व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई आणि रघुनाथपंत हणमंते यांच्या मध्यस्थीने समेट झाला. त्या वेळी बंगळूर व आसपासचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला, असे बखरी सांगतात.

या तंट्यात हिंदू कायद्यातील एक मूलभूत भेद दिसून येतो. वडिलांपासून आलेली मिळकत वडिलोपार्जित, तर स्वतःच्या कर्तृत्वाने मिळविलेली स्वार्जित. शहाजीराजांची जहागीर पहिल्या प्रकारची म्हणता येईल. तंजावर मात्र व्यंकोजींनी स्वतः घेतले होते. पण ते घेण्यासाठी लागलेले बळ वडिलांच्या जहागिरीतूनच आले, असे दुसऱ्या भावाने म्हटले तर? आजही न्यायालयांपुढे हाच प्रश्न येतो. वडिलांच्या छोट्या दुकानातून मोठ्या मुलाने तीन दुकाने उभी केली, तर ती कोणाची? एकत्र कुटुंबाजवळ पुरेसे उत्पन्न देणारी मिळकत होती असे एकदा सिद्ध झाले की, नवी मिळकत स्वार्जित आहे हे दाखविण्याचा भार ती आपली म्हणणाऱ्यावर पडतो. तो भार हिशेबाच्या वह्यांनी पेलता येतो, आठवणींनी नाही.

दीपाबाईंना मिळालेल्या मुलुखाची जातकुळीही ध्यानात घेण्यासारखी आहे. स्त्रीला तिची स्वतःची म्हणून दिलेली मालमत्ता हे स्त्रीधन. ते पतीच्या मिळकतीत मिसळत नाही आणि वाटणीच्या वेळी हिशेबात धरता येत नाही. जुन्या कायद्यात स्त्रीच्या निरपेक्ष मालकीची जी थोडी स्थाने होती, त्यांपैकी हे एक होते.

समेटाचा मार्गही कायद्याला प्रिय आहे. कौटुंबिक समझोत्यामुळे घरातील शांतता टिकत असेल, तर किरकोळ तांत्रिक उणिवांसाठी तो मोडू नये, असे धोरण सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली स्पष्ट केले. तोंडी झालेल्या वाटणीची केवळ आठवण म्हणून नंतर केलेले टिपण नोंदणीवाचूनही चालते. मात्र ज्या कागदानेच घराची किंवा जमिनीची वाटणी घडून येते, त्याची १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार नोंदणी झालीच पाहिजे. हा बारकावा न कळल्यामुळे कित्येक घरांतील वाटणीपत्रे ऐन वेळी पुराव्यातून बाद होतात.

दत्तकाचा प्रश्न

तंजावरच्या गादीवरील दुसरे तुळजाराजे १७८७ साली मृत्युशय्येवर होते. त्यांना पुत्र उरला नव्हता. भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेतील नऊ-दहा वर्षांचा सरफोजी त्यांनी दत्तक घेतला आणि थोड्याच दिवसांत ते निवर्तले. तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी या दत्तकविधानाला हरकत घेतली. सरफोजी हा जन्मदात्याचा एकुलता एक पुत्र आहे, त्याचे वय दत्तकास योग्य नाही आणि दत्तक घेतेवेळी राजांची बुद्धी शाबूत नव्हती, असे आक्षेप पुढे आले. मद्रासच्या गव्हर्नरने पंडितांचे मत मागविले. ते दत्तकाच्या विरुद्ध गेले आणि अमरसिंह गादीवर बसले. पुढे बंगाल आणि काशी येथील पंडितांनी उलट मत दिले, मिशनरी श्वार्ट्झ यांनी मुलाची बाजू लावून धरली आणि १७९८ साली सरफोजींना गादी मिळाली. एका मुलाचे कायदेशीर नाते अकरा वर्षे अधांतरी राहिले.

१८०३ साली सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर आपल्या भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला. तो आजही वाचता येतो. शिलालेख वंशाचा अभिमान सांगतो. दत्तक ग्राह्य की अग्राह्य हे मात्र विधी कसा झाला, कोणी दिला, कोणी घेतला आणि ते पाहणारे कोण होते, यावरच ठरते.

एकुलता एक पुत्र दत्तक देता येतो काय, हा वाद तर त्यानंतर शंभर वर्षे चालला. मद्रास इलाख्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात लंडनच्या प्रीव्ही कौन्सिलने १८९९ साली निर्णय दिला की, असा पुत्र देऊ नये हा शास्त्राचा उपदेश आहे. पण दिला गेला तर दत्तक रद्द होत नाही.

दूरदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक अडचण होती. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या परंपरेनुसार विभक्त पतीच्या विधवेला पतीच्या स्पष्ट अनुज्ञेवाचून दत्तक घेता येई. द्रविड देशात मात्र पतीची अनुज्ञा, आणि ती नसल्यास सपिंडांची संमती आवश्यक होती. रामनाडच्या प्रसिद्ध खटल्यात प्रीव्ही कौन्सिलने १८६८ साली हा नियम सांगितला. मग तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी विधवेला कोणता नियम लागू? न्यायालयांचे तत्त्व असे की, स्थलांतर करणारे हिंदू कुटुंब आपला कायदा बरोबर घेऊन जाते. स्थानिक कायदा स्वीकारला असेल तर ते सिद्ध करावे लागते. घरात कोणते विधी, कोणते पुरोहित, कोणता आचार चालतो यावरून हा प्रश्न सुटे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने हे प्रादेशिक भेद संपविले. दत्तक जाणारे मूल अविवाहित आणि पंधरा वर्षांच्या आतील असावे. वेगळी रूढी असेल तरच याला अपवाद. आईबापांनी मूल प्रत्यक्ष देणे आणि दत्तक घेणाऱ्यांनी ते प्रत्यक्ष घेणे हे विधीचे सार आहे. दत्तहोम अनिवार्य नाही. दोन्ही पक्षांच्या सह्यांचा नोंदणीकृत लेख असेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत न्यायालय दत्तक ग्राह्य धरते. केवळ सांभाळ केला, शाळेत आपले नाव लावले, मुंज किंवा लग्न करून दिले, एवढ्याने मूल कायद्याने दत्तक ठरत नाही. चुलत्याने वाढविलेल्या मुलाचे दुःख बहुधा येथेच असते. प्रेमात काही उणे नसते, विधी मात्र झालेला नसतो.

घरचे कोणते आणि राज्याचे कोणते

१७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. वार्षिक एक लक्ष होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा ही नेमणूक, तसेच तंजावरचा किल्ला एवढे त्यांच्याकडे राहिले. त्यांचे पुत्र शिवाजी हे ऑक्टोबर १८५५ मध्ये पुत्रावाचून निधन पावले. कंपनीने गादी खालसा केली आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लष्कराच्या बळावर राजवाडा व त्यातील सर्व चीजवस्तू ताब्यात घेतल्या. राज्य गेले ते गेले. पण दागदागिने, ग्रंथ, जमिनी हे तर राजाचे खासगी धन, त्याच्यावर विधवांचा वारसा आहे, असे म्हणून ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली. निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकार प्रीव्ही कौन्सिलमध्ये गेले आणि १८५९ साली लॉर्ड किंग्जडाउन यांनी तो निकाल फिरविला. ही जप्ती न्याय्य होती की अन्याय्य, याचा निर्णय त्यांनी दिलाच नाही. सार्वभौम सत्तेने केलेली ही राजकीय कृती असून तिची शहानिशा करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही, एवढेच ते म्हणाले. राणीचा हक्क खोटा ठरला नाही; त्या हक्काचा विचार करणारे न्यायालयच उरले नाही. शेवटी १८६२ साली सरकारने आपण होऊन खासगी मिळकत परत केली.

आज भारतीय नागरिकाच्या घरावर सरकारला अशा प्रकारे हात टाकता येत नाही. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला. तरी कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद ३००-क ने कायम ठेवले, आणि त्या आधाराची तपासणी न्यायालय करू शकते.

परंतु खासगी धन कोणते आणि गादीचे कोणते, ही राजवाड्यातील गुंतागुंत लहान व्यापाऱ्याच्या घरातही असते. एकट्याच्या मालकीच्या दुकानात दुकान आणि मालक यांत कायदा भेद करीत नाही. दुकानाचे कर्ज मालकाच्या राहत्या घरापर्यंत पोहोचू शकते. दोघांची भागीदारी असेल, तर १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार एकाच्या मृत्यूने ती सामान्यतः संपुष्टात येते. करारात वेगळी तरतूद करता येते. मात्र दोघांपैकी एकच उरला तर भागीदारी राहत नाही. मृताच्या कुटुंबाला मिळतो तो हिशेबान्ती येणारा हिस्सा, गल्ल्यावर बसण्याचा अधिकार नव्हे. भागीदारी नोंदलेली नसेल, तर पेढीला करारातील येणे वसूल करण्यासाठी दावाही लावता येत नाही. म्हणून घरखर्च आणि दुकान यांच्या वह्या स्वतंत्र ठेवणे, जागा कोणाच्या पैशाने घेतली ते लिहून ठेवणे, ही मिळकतीची राखणच आहे.

अनेक विधवा, एक वारसा

राजांच्या पश्चात अनेक राण्या होत्या. १८६२ च्या आदेशाने मिळकतीची व्यवस्था ज्येष्ठ राणीकडे देण्यात आली. मात्र इतर सहवारस राण्यांना तिचा योग्य उपभोग मिळेल असे पाहण्याचे कर्तव्य तिच्यावर होते. शेवटची राणी वारल्यावर मिळकत राजकन्येकडे आणि ती नसल्यास राजाच्या पुढील वारसांकडे जावयाची होती. व्यवस्था एकीच्या हाती आणि हक्क सर्वांचा, अशा रचनेतून जे होते तेच झाले. जिजांबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई हा खटला उभा राहिला आणि मद्रास उच्च न्यायालयाने १८६८ साली तत्त्व सांगितले की, सर्व विवाहित विधवा पतीची मिळकत संयुक्तपणे घेतात. उपभोगाचा हक्क सारखा असतो, आणि एक वारली की तिचा अंश उरलेल्यांकडे जातो. हिंदू कायद्याच्या ग्रंथांत हा निकाल पुढे वारंवार आधाराला घेतला गेला.

व्यवस्थापन म्हणजे मालकी नव्हे, हा या निकालाचा गाभा आजही तितकाच लागू आहे. ज्याच्या नावावर घरपट्टी येते, ज्याच्या नावे तमिळनाडूत पट्टा किंवा महाराष्ट्रात सातबारा आहे, तो एवढ्यानेच संपूर्ण मालक होत नाही. या नोंदी मुख्यतः कर कोणाकडून घ्यावयाचा यासाठी असतात. थोरला भाऊ सर्वांच्या वतीने कर भरतो, दहा-वीस वर्षे जातात आणि त्याची मुले घर आपलेच समजू लागतात. तंट्याचे बीज बहुधा असेच पडते.

त्या राण्यांचा हक्क हयातीपुरता होता. विधवेने उपभोग घ्यावा. पण कायदेशीर गरज असल्यावाचून मिळकत विकू नये किंवा दान करू नये, असा जुना नियम होता. १९३७ च्या अधिनियमाने एकत्र कुटुंबातील विधवेला पतीइतका हिस्सा दिला, तोही मर्यादित स्वरूपाचाच. १७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू झाला आणि त्याच्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातील अशा मर्यादित मालकीचे, काही अपवाद वगळता, पूर्ण मालकीत रूपांतर केले. तंजावरच्या राण्यांना जे मिळाले नाही, ते गावातील सामान्य विधवेला मिळाले.

मुलीच्या हक्काची वाटचाल अधिक लांबली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणाऱ्या राज्यांत तमिळनाडू अग्रभागी होते. तेथे हा बदल १९८९ पासून, महाराष्ट्रात १९९४ पासून, तर देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. दोन्ही राज्यांच्या कायद्यांत आधीच विवाह झालेल्या मुली वगळल्या होत्या; केंद्रीय कायद्याने ती अट ठेवली नाही. त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तमिळनाडूतील एका प्रकरणात २०२२ साली त्याच न्यायालयाने आणखी सांगितले की, १९५६ पूर्वी मृत्युपत्रावाचून वारलेल्या पित्याच्या स्वार्जित मिळकतीवरही पुतण्यांच्या आधी मुलीचा वारसा आहे.

शेवटचा वारस कोण?

राजकन्या शेवटच्या राणीच्या आधीच निवर्तली होती. १९१२ साली शेवटची राणी वारली आणि राजवाड्याच्या मिळकतीसाठी अनेक दावेदार पुढे आले. कोल्हापूरचे महाराजही त्यात पक्षकार होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालाला त्यांचेच नाव आहे. राजाशी विधिवत विवाह न झालेल्या स्त्रियांच्या पुत्रांना काय मिळते, हा एक कळीचा प्रश्न होता. अनौरस पुत्राच्या हक्काचा नियम वर्णानुसार बदलत असल्याने घराणे क्षत्रिय की शूद्र, याचीही चिकित्सा न्यायालयाला करावी लागली. सत्तर वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या घरातील अत्यंत खासगी गोष्टी साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उलगडल्या गेल्या. वर्णावर आधारलेला हा भेद १९५६ च्या अधिनियमात राहिलेला नाही. कायद्याने रद्दबातल ठरणाऱ्या विवाहातून जन्मलेले अपत्यही आईवडिलांच्या मिळकतीपुरते औरस मानले जाते, आणि एकत्र कुटुंबात वडिलांच्या वाट्याला येणारा हिस्साही त्यात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे.

याच काळात राजवाड्यातील एका ठेव्याचा प्रश्न मात्र निराळ्या रीतीने सुटला. सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय वारसांनी लोकांसाठी खुले करण्याचे ठरविले आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये मद्रास सरकारने धर्मादाय निधी अधिनियमाखाली ते सार्वजनिक न्यास म्हणून ताब्यात घेतले. पोथ्यांची वाटणी झाली नाही. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे एकत्र राहिली, ती यामुळेच.

आजच्या घरासाठी

समजा, एका गृहस्थाने स्वकष्टाने घर बांधले आणि तो मृत्युपत्रावाचून वारला. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी आहे. त्या घराचे पाच समान भाग होतात. मुलीचे लग्न झाले, तिला दागिने दिले, म्हणून तिचा भाग कमी होत नाही. गृहस्थाला निराळी व्यवस्था हवी असेल तर मृत्युपत्र करावे. त्यावर त्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी बंधनकारक नाही, पण हितावह आहे. वाटा ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नये. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे वारस ठरला असे समजू नये. रक्कम स्वीकारण्याची सोय आणि तिची मालकी या सामान्यतः वेगळ्या गोष्टी आहेत. तमिळनाडूत तहसीलदार देतो तो वारस दाखला कुटुंबात कोण आहेत एवढे सांगतो. वादग्रस्त मिळकतीचा मालक ठरविण्याचे काम दिवाणी न्यायालयाचे आहे.

तरीही तंटा उभा राहिला, तर तो नेहमीच वर्षानुवर्षे चालावा असे नाही. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमानुसार प्रत्येक जिल्ह्यात विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळते आणि स्त्रियांसाठी उत्पन्नाची अट नाही. लोकन्यायालयात झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. कामाक्षीबाईंचा दावा मद्रासहून लंडनला गेला आणि तेथे त्यांना सांगण्यात आले की, तुमचे म्हणणे ऐकण्याचा अधिकारच आम्हांला नाही. आज तंजावरातील एखाद्या विधवेला आपल्या दोन खोल्यांच्या घरासाठी त्याच गावच्या न्यायालयात जाता येते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेणे त्या न्यायालयाचे कर्तव्य असते. मात्र तिथे जाताना हक्काबरोबर त्याचा कागदही हाती असावा लागतो. आणि तो कागद करून ठेवण्याचे काम घरातील माणसांनी आपल्या हयातीतच उरकावयाचे असते.